रोज एक जनावर

"ओ पाहुणे! बघता काय उभं राहून? धरा की ते टोक!"

कुलदीपशी माझं पहिलं बोलणं हे असं. गोडगुलाबी काही नाही, सरळ खेकसलेच मी. पण करता काय? मार्च महिना होता. कनेरगाव नाक्यावर आमचा ढाबा, आणि ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत वर्षाची सगळी हळद शिजवून वाळत घातलेली. दुपारपर्यंत ऊन नुसतं भाजत होतं आणि बघता बघता आभाळ भरून आलं, वारा सुटला, अवकाळीचे टपोरे थेंब तडातड पडायला लागले. बा वाशिमला गेलेला. याडी मटणाच्या पातेल्यापाशी अडकलेली. याडी म्हणजे माझी आई. आम्ही बंजारा, आमच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात. मी एकटी ताडपत्रीशी झोंबत होते, आणि ती मेली वाऱ्यानं उलटून माझ्याच डोक्यावर यायची. तेवढ्यात बस थांबली आणि एक पोरगा उतरला. पांढराशुभ्र शर्ट, हातात भलीमोठी चाकांची बॅग. उतरला तो जागच्या जागी उभा — आणि टकामका माझ्याकडं बघतोय...

माझी हाक ऐकली तशी त्यानं बॅग चिखलात सोडली, कमरेतून चांगला वाकला आणि म्हणाला, "हाय!"

अस्सा राग आला मला! इथं वर्षाची हळद भिजून राहिली, आणि हा मला इंग्रजीत हाय करतोय. "हाय-बाय मंग करा! आधी टोक धरा!"

"हाय!" म्हणत तो धावलाच.

धावला मात्र मनापासून. गुडघे टेकून ताडपत्री ओढली, दगड आणून कडेनं दाबले, एक कोपरा उडायला लागला तर त्याच्यावर स्वतःच बसला. ओल्या हळदीचा वास, ताडपत्रीवर पावसाचा आवाज, आणि समोरच्या कोपऱ्यावर बसलेला हा अनोळखी पोरगा. केसांतून पाणी गळतंय, शर्ट पोटापासून गळ्यापर्यंत पिवळाधम्मक, आणि मी बघतेय हे बघून हसतोय. मी घाईघाईनं दुसरीकडं बघितलं. दुसरीकडं बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी बघितलं.

पत्र्याखाली आलो तर याडी टॉवेल घेऊन उभीच. त्याच्याकडं बघून म्हणाली, "अगं माय! ह्या लेकराला तर लग्नाआधीच हळद लागली."

तो पुन्हा कमरेतून वाकला. याडीनं काळजीनं विचारलं, "पाठीत उसण भरली का रे बाबा?"

मी तोंडावर ओढणी धरून हसले. मग उलगडा झाला. हा कुलदीप राठोड, गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. पाच वर्षं जपानात होता, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात त्यांची सेवा करायच्या कामाला. मुदत संपली, आता कायमचा परत आला. तिकडं वाकून नमस्कार करतात, आणि 'हो' म्हणायचं असलं की 'हाय' म्हणतात.

"सवयच लागली," तो लाजून म्हणाला. "काहीबी विचारलं की तोंडातून हाय निघून जातं."

"त्यात काय?" मी म्हटलं. "आमच्याकडं बी हायच म्हणतात. चहा हाय, भाकर हाय, मटण हाय."

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मंग मी बराबर ठिकाणी उतरलो."

त्या दिवशी तो जेवूनच गेला. याडीनं त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि तो जेवेपर्यंत बसून राहिली. हे तिचं नेहमीचं. ढाब्यावर चौघं-पाचजण आले तर ती ढुंकून बघत नाही, पण एकटा ड्रायव्हर ताट घेऊन बसला की हातातलं काम टाकून जाते. "एकट्या माणसाच्या घशाखाली घास उतरत न्हाई," म्हणते. गाव कोणतं, लेकरं किती, भाकर वाढू का. तेवढंच, पण माणूस एक भाकर जास्त खातो.

जाताना त्यानं भिंतीवरची पाटी वाचली. "चिकन, मटण, अंडाकरी... येलदरीचं धरण इतकं जवळ, अन् मासा काहून न्हाई?"

"आमच्या घरात चालत न्हाई," मी म्हटलं. सगळ्यांना हेच सांगते. खरं कारण सांगत बसलं तर लोक हसतात.

खरं कारण मी आहे. आमच्या तांड्याखाली तळं आहे. मी नुकती चालायला लागले होते, याडी धुणं धूत होती, आणि मी हळूच पाण्यात गेले. बुडालेच म्हणा की. याडी किंचाळत आत शिरली तर मी पाण्यावर तरंगतेय, खुशाल हात हलवतेय! याडी सांगते की माझ्या अंगाखाली मासे होते. मोठाले. त्यांनी मला वर उचलून धरलं होतं. मी कितीदा म्हटलं, अगं, फ्रॉकात हवा भरली असेल! पण ती ऐकून घेत नाही. "मी डोळ्यानं बघितलं. तो देवमासा व्हता," म्हणते. त्या दिवसापासून तिनं मासा सोडला, घरानं सोडला, ढाब्यानं सोडला. समोर मासे विकणारी बाई आली तरी याडी आधी हात जोडते.

असो. कुलदीप गेला, आणि मला वाटलं, गेला. पण तिसऱ्याच दिवशी सकाळी हजर! हिंगोलीच्या एका दवाखान्यात पेशंट सांभाळायच्या कामाला लागला होता. आता गोरेगावहून हिंगोलीला सरळ जीप आहे. पण हा पठ्ठ्या आधी नाक्याला यायचा, चहा घ्यायचा, मग इथून हिंगोलीची बस धरायचा. नुसता द्राविडी प्राणायाम.

बा गल्ल्यावरून एकदा मला म्हणाला, "शिले, ह्या पोराला रस्ता ठाऊक न्हाई का?"

"पाच वर्षं बाहेर व्हता ना, विसरला असंल," मी म्हटलं आणि कपबशा विसळायला पळाले.

चहाच्या पहिल्या दिवशी मीच विचारलं होतं. "तिकडं काय खात होता तुमी? साप?"

"साप न्हाई. घोडा."

"चल! खोटं."

"आईची आण. कच्चा. पातळ-पातळ काप करतात, आल्याबरोबर खातात."

"कच्चा घोडा!" मी टेबल पुसायचं विसरले. "आपल्या तांड्याच्या नायकाच्या बुडाखाली घोडा असायचा, अन् तू तो खाल्लास?"

त्यानं कप खाली ठेवला. "काय म्हणलात?"

"काय म्हणले?"

"'तू' म्हणलात."

माझे कान तापले. "चुकून आलं."

"चुकूनच येऊ द्या रोज," तो म्हणाला, आणि बस आली म्हणून पळाला.

चव कशी होती ते मात्र सांगितलंच नाही. "उद्या सांगतो," म्हणाला. मग ती रीतच पडली. रोज एक जनावर. एका चहाला एकच, जास्त नाही. आज घोडा झाला की उद्यासाठी काय, ते बसच्या पायरीवरून ओरडून सांगायचा, आणि मी दिवसभर भाकरी थापता थापता तेच डोक्यात घोळवायची. खरं सांगू? जनावरं माझ्या डोक्यात नव्हतीच. त्याचं ते हसताना एक डोळा जरा बारीक होणं होतं.

नाकतोड्यांच्या दिवशी तर कमाल झाली.

"नाकतोडे? आपल्या सोयाबीनवर उड्या मारतात ते?"

"तेच. साखर अन् सोयाबीनचं खारट पाणी घालून परततात. कुरकुरीत लागतात, गोड."

"शी! मंग आमच्या वावरात ये ना. इतके नाकतोडे हायेत, तुला जन्मभर पुरतील."

त्यानं मान वर केली. "जन्मभर बोलावून राहिली का?"

माझ्या हातातली किटली चहाच्या कपाऐवजी बशीत रिकामी झाली.

मग कासव झालं. कासव उकळून त्याचं पाणी पितात म्हणे. "अरे, महादेवाच्या देवळात कासव असतं, त्याला आपण पाया पडतो!" मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "मंग मी बी पायाच पडून प्यालो." मग आतडी झाली. निखाऱ्यावर भाजलेली, रांगा लावून खातात तिकडं. नाव होरुमोन.

"तिथले काही लोक सांगतात, त्या नावाचा अर्थच 'फेकून द्यायचं'," कुलदीप म्हणाला. "गरिबांनी फेकलेलं उचललं, भाजलं, अन् आता मोठमोठे साहेब खायला येतात. पहिल्यांदा खाल्लं ना शिला... तोंडात घास अन् डोळ्यात पाणी. मला सळोई आठवली."

मी पटकन इकडंतिकडं बघितलं. सळोई म्हणजे आमच्या तांड्याची भाजी. बकऱ्याचं रक्त, आतडी, कलेजी, सगळं मसाल्यात शिजवलेलं. याडी दर रविवारी मागच्या चुलीवर करते, आपल्या माणसांपुरती. पाटीवर कधी लिहीत नाही. कॉलेजात एकदा मी डब्यात नेली होती. नाव विचारलं, मी सांगितलं, आणि बाजूच्या दोघी डबे उचलून दुसऱ्या बाकावर गेल्या. तेव्हापासून मी ते नाव मोठ्यानं घेत नाही.

"हळू बोल ना," मी म्हटलं.

"काहून? मी तर जपानात बी सांगितलं. आमच्या आश्रमात हारुए नावाच्या आजी व्हत्या, माझ्याच वाट्याला. त्यांनी विचारलं, तुमी काय खाता? मी सांगितलं, रगत बी वाया जाऊ देत न्हाई. तर म्हणाल्या, शहाणी माणसं. जीव घेतला तर सगळा खावा, अर्धा फेकला तर त्याचा अपमान." मग आवाज बारीक करून म्हणाला, "तुझ्या हातची सळोई कधी?"

"माझी न्हाई, याडीची. अन् ती फक्त घरच्यांना."

"मंग... घरचा व्हायला काय करावं लागतं?"

मी किटली उचलून आत पळाले. पण दिवसभर तांबड्या तिखटाच्या डब्यात हळद आणि हळदीच्या डब्यात मीठ भरत होते.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तो चहा पिऊन नुसताच बसून राहिला.

"आजचं जनावर?" मी विचारलं.

"जनावरं संपली."

"संपली?" जनावरं संपली तर हा सरळ जीपनंच जाणार की हिंगोलीला! "असं कसं? इतका मोठा देश... आठव ना."

"आता मीच एक जनावर उरलो," तो म्हणाला. हसत नव्हता. कपाच्या कानावर बोट फिरवत होता. "एक हाय तसं. सगळ्यात मोठं. पण ते... घरच्यांना घेऊन येतो, तवा सांगतो."

"घरच्यांना कशाला?"

"चहा प्यायला."

"त्यांच्या तांड्यावर चहा मिळत न्हाई का?"

"तू केलेला मिळत न्हाई," तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं. बरं म्हणताना आवाज इतका चिरका निघाला की चुलीपाशी याडी वळून बघायला लागली.

आणि ते आले. कुलदीपचे वडील बाबूसिंग, आई जमनाबाई. ते राठोड, आम्ही पवार; गोत जमत होतं, तांडे ओळखीचे होते, बा तर असा खुलला होता की पाहुण्यांना तिसऱ्यांदा चहा घ्या म्हणत होता. याडी लाडवांचं ताट घेऊन फिरत होती आणि कुलदीपच्या बशीत दोन जास्त टाकत होती. सगळं कसं गूळखोबरं चाललं होतं. गप्प बसायचं की नाही मी? पण नाही! जीभ वळवळली.

"ते राहिलेलं जनावर सांगा ना," मी म्हटलं.

कुलदीपनं मान हलवली. "नंतर..."

"सांग की रे, लाजतो काय पोरीवानी," बाबूसिंग हसून म्हणाले.

"व्हेल," तो हळूच म्हणाला. "व्हेलचं मटण."

"व्हेल मंजे?" याडीनं विचारलं.

आता आमच्या गोरमाटीत व्हेलला शब्द कुठला असणार? आमच्या पूर्वजांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथे घातले, पण व्हेल काही वाटेत आडवा आला नाही. कुलदीप शब्द शोधत राहिला, आणि मला तो शब्द त्याच्या ओठावर येताना दिसला. मी डोळे मोठे केले, मान हलवली... पण माझ्याकडं बघेल तर ना.

"मराठीत त्याला... देवमासा म्हणतात."

याडीच्या हातातलं ताट थांबलं.

"काय खाल्लं म्हणलास?"

"देव... मासा."

याडीनं ताट खाली ठेवलं, पदर सावरला आणि आत निघून गेली. पाहुणे बसले तसेच उठले. जाताना कुलदीपनं मला नजरेनं विचारलं, काय झालं? मी काय सांगणार, कपाळ!

त्या संध्याकाळी याडी म्हणाली, "ज्यानं माझी पोरगी पाण्यात उचलून धरली, त्याला ह्यानं ताटात घेतलं. माझी लेक मी त्याच्या घरी देणार न्हाई."

"याडी, तो तळ्यातला न्हाई गं! समुद्रातला दुसराच. अन् तो मासाच न्हाई मुळी. शाळेत शिकलो आम्ही. तो आपल्यावानी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो—"

"दूध पाजतो?" याडीनं छातीवर हात ठेवला. "मंजे लेकुरवाळी माय खाल्ली त्यानं?"

झालं! आगीत तेल. मी घाईनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला, म्हटलं बघ, किती वेगळा दिसतो. तिनं तो डोंगराएवढा देह बराच वेळ बघितला आणि डोळे पुसले. "एवढा मोठा व्हता म्हणूनच तुला पाठीवर धरू शकला."

बा कोपऱ्यातून म्हणाला, "शिले, तू आता बोलूच नको."

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्याला फोन केला आणि तळ्याची गोष्ट सगळी सांगितली. तो ऐकत राहिला. मग मी म्हटलं, "कुलदीप, याडीच्या होशिवाय मी येणार न्हाई." बोलताना रडूच फुटलं. मला तो पाहिजे होता. इतका पाहिजे होता की बसचा हॉर्न वाजला तरी काळीज उडी मारायचं. पण ज्या बाईनं माझ्यासाठी आवडीचा घास जन्मभर सोडला, तिला ओलांडून मी कुठं जाणार होते? आणि गेले असते तरी सुखानं जेवले असते का?

"येऊ बी नको," तो म्हणाला. "मीच येतो."

पण आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. हळद बाजारात गेली, मागची जागा मोकळी झाली. हिंगोलीची बस रोज यायची, रोज जायची. मी चहा दोन कप जास्त टाकायची आणि ओतून द्यायची. याडी बघायची, पण बोलायची नाही.

मग एका रविवारी दुपारी, उन्हानं डांबर वितळत असताना, तो आला. तोच पांढरा शर्ट. हळदीचे डाग गेले नव्हते, फिके झाले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच बसला आणि म्हणाला, "एक ताट."

मी ताट नेलं. मटण, भाकर, कांदा. त्यानं हात धुतले आणि ताटाकडं बघत बसला.

"जेव ना," मी कुजबुजले.

"एकट्यानं जमत न्हाई."

रश्श्याची वाफ विरली. चुलीपाशी याडी उलथनं आपटत होती. एकदा वळून बघितलं, परत पाठ केली. भांडी घासलेलीच घासली. एक माणूस तिच्या ढाब्यात एकटा ताट घेऊन बसलाय आणि ती जात नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. त्याला घाम फुटला होता, पण जागचा हलत नव्हता. भाकर वाळायला लागली...

शेवटी याडीनं उलथनं टाकलं. स्टूल ओढत आणलं, त्याच्याकडं अर्धी पाठ करून बसली. "जेव. अन्न वाया घालू नको."

त्यानं घास मोडला नाही. म्हणाला, "त्या बी अशाच बसायच्या, याडी."

आतापर्यंत तो तिला मावशी म्हणायचा. याडीची मान जरा हलली.

"कोण?"

"हारुए आजी. मी ज्यांना सांभाळायचो त्या. लई म्हाताऱ्या व्हत्या. लहान होत्या तवा त्यांच्या देशात नुकती लढाई संपली व्हती, खायला काही न्हाई. तवा शाळेत लेकरांना देवमाशाचं मटण तळून द्यायचे. त्याच्यावरच वाढल्या त्या. मला म्हणायच्या, देवमाशानं जगवलं आमाला. शेवटी शेवटी त्यांना तेच खावं वाटलं. पण आता तिकडची तरणी माणसं ते खात न्हाईत, नाक मुरडतात. पोरगा दूर गावी. मंग मी सुट्टीच्या दिवशी बाजारातून आणलं, आलं लावून तळून घेतलं. ताट पुढं ठेवलं... तर हात लावेनात. म्हणाल्या, एकटीला जमत न्हाई."

याडी आता त्याच्याकडं तोंड करून बसली होती.

"मंग मी समोर बसलो. दातं न्हाईत ना, बारीक तुकडे करून दिले. तिकडं जेवायच्या आधी हात जोडतात. ज्याचा जीव गेला, त्याचे उपकार म्हणून. दोघांनी हात जोडले अन् खाल्लं. मला आवडलं न्हाई, याडी, खोटं काहून बोलू? तव्यावर करपलेली कलेजी लागते तसं लागलं. पण त्या हसल्या. त्यांच्या गावी देवळामागं दगड हाय, देवमाशाच्या नावाचा. लोक त्याला फुलं वाहतात."

"फुलं वाहतात?"

"हाय."

याडीनं बोटानं टेबलावर रेघ ओढली. "म्हातारी कशी हाय आता?"

"गेल्या. मी यायच्या आधी."

"एकटी व्हती का रे?"

"न्हाई," कुलदीप म्हणाला. "मी व्हतो."

याडी उठली. मला वाटलं, गेली. पण ती मागच्या चुलीवरून वाटी घेऊन आली, गार झालेलं मटण बाजूला सारलं आणि वाटी त्याच्या ताटात ठेवली. वास आला आणि मी गल्ल्याची कड घट्ट धरली. सळोई! घरच्यांपुरती.

"हात जोड," याडी म्हणाली. त्यानं जोडले. तिनंही जोडले. मग त्याच्या ताटातलीच भाकर मोडून पहिला घास तिनं घेतला, आणि दुसरा त्यानं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"तिखट झाली का?" याडीनं विचारलं.

"न्हाई... पाच वर्षांनी खाऊन राहिलो."

"एकीला पाण्यातून काढलं, एकीला भुकंतून," याडी आपल्याशीच पुटपुटली. "त्याला समुद्र काय अन् तांड्याचं तळं काय." मग एकदम करड्या आवाजात, "पण ऐक. माझ्या लेकीच्या घरात मासा शिजायचा न्हाई."

"हाय!" कुलदीप म्हणाला.

"हाय?" याडीचा घास हातातच राहिला. "मासा हाय?"

"न्हाई न्हाई! हाय मंजे न्हाई... मंजे हो! मंजे मासा न्हाई!"

बा गल्ल्यावर इतका हसला की त्याला ठसका लागला. याडीनंही पदर तोंडाला लावला. मग तिनं कुलदीपकडं नीट बघितलं, जसं भाकरीचं पीठ नीट मळलंय का ते बघते तसं. "अन् पोरगी? पोरगी मनात हाय का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. एक डोळा बारीक झाला.

"हाय."

माझ्यानं राहवलं नाही. "जपानी हाय का मराठी?"

"दोन्ही," तो म्हणाला. "अन् तुझ्या?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. याडी, बा, दारातला एक अनोळखी ड्रायव्हरसुद्धा. मग मी गल्ल्यामागून बाहेर आले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, आणि त्याच्यासारखी कमरेतून चांगली खाली वाकले.

"हाय!"

"अगं माय," याडी म्हणाली, "आता हिच्या बी पाठीत उसण भरली!"